पंखाखालची खपली

१

दहाव्या टर्कीचा डावा पंख ताणून तपासनिसांनी त्याखालचा कातडीचा पातळ पडदा उजेडाकडे धरला. पुढून पाहिला, मागून पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. उजवा पंखही तसाच पाहून झाला. मग पक्षी खाली सोडून त्यांनी बाह्यांवरची पिसं झटकली.

"पंखाखाली काहीच नाही," ते म्हणाले. "दहांपैकी एकाच्याही नाही. मालकीणबाई, तुमच्या पक्ष्यांना लस टोचलेलीच नाही!"

शेवटचं वाक्य त्यांनी जरा मोठ्याने म्हटलं, तिथे चुकलं. टर्कीच्या नराला कुठलाही मोठा आवाज हा आपल्यालाच विचारलेला प्रश्न वाटतो. शेडमधल्या सगळ्या नरांनी माना पुढे काढल्या आणि एका दमात 'गुडुगुडुगुडु' करून उत्तर दिलं. साहेब दोन पावलं मागे सरले आणि नेमके पाण्याच्या भांड्यात उभे राहिले.

दारात लसवाल्यांची लेक उभी होती. एरवी ती हसली असती.

लसवाले म्हणजे तिचे वडील. गळ्यात बर्फाचा डबा अडकवून चौतीस वर्षं ते कोंबड्यांना, बदकांना आणि या एका शेडात टर्कींना लस टोचत हिंडले. त्यांचं खरं नाव बँकेशिवाय कुणी वापरत नसे. चौदा दिवसांपूर्वी त्यांनी इथल्या तीनशे पक्ष्यांना देवीची लस टोचून प्रमाणपत्रावर सही केली होती. त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी कामावर निघताना ते दारातच कोसळले. त्यांची कामाची पिशवी इथे राहून गेली होती. पिशवी घ्यायची, आभार मानायचे आणि परतीची बस पकडायची, एवढाच लेकीचा बेत होता.

"देवी पक्ष्यांनाही होते," तपासनीस बूट निथळत तिला समजावू लागले. "विषाणूचा आजार. तोंडावर फोड येतात, डोळे चिकटतात, खाणं सुटतं. लस लागू पडली की टोचल्या जागी आठ-दहा दिवसांत गाठ येते आणि तिच्यावर खपली धरते. खपली हा पुरावा. इथे पुरावा नाही. आणि तिकडे पाहा." त्यांनी कोपऱ्यातल्या जाळीकडे बोट केलं. "अकरा पक्ष्यांच्या तोंडावर फोड. आणखी काय हवं?"

"पण प्रमाणपत्र आहे ना?"

"तेच तर. खोटं आहे. पाच वाजता माझा अहवाल जाईल, त्यात तुमच्या वडिलांचं नाव जाईल. मग वर्षभरात त्यांनी जिथे जिथे सह्या केल्या, तिथे तिथे पुन्हा तपासणी."

"बाबा काम केल्याशिवाय सही करत नसत."

"ताई, सगळ्यांचेच बाबा असे असतात," तपासनीस म्हणाले. त्यांचा आवाज मात्र मऊ झाला होता.

लेकीने घड्याळ पाहिलं. साडेअकरा. "पाचपर्यंत मी इथे चार प्रश्न विचारले तर चालेल?"

"तुम्ही पोलिसात आहात का?"

"ग्रंथालयात. हरवलेलं शोधायची सवय आहे. बहुतेक वेळा ते चोरीला गेलेलं नसतं, दुसऱ्याच कपाटात असतं."

"इथे कपाट एकच आहे, ताई, आणि ते मी उघडून पाहिलंय." तपासनिसांनी खुर्ची मागवली. "विचारा. मेलेल्या माणसाचं नाव खराब करायची मलाही हौस नाही."

२

मालकीणबाई बोलायला अधीरच होत्या. मोठ्या हाडापेराची, मोठ्या आवाजाची बाई. तिच्या प्रत्येक तिसऱ्या वाक्याला शेडमधून उत्तर येत होतं.

"माझ्यासमोर बाटल्या काढल्या गं त्यांनी डब्यातून! तीन! पूड आणि पाणी एकत्र करून पहिली बाटली हलवली. ती मिसळली की दोन तासांत संपवावी लागते, नाहीतर मरते म्हणे आतली लस. पहाटेची वेळ होती, अंधुक उजेडात पक्षी गडबड करत नाहीत. मग मी आत गेले."

"आत का गेलात?"

"मला पक्ष्याला टोचलेलं बघवत नाही."

"तुम्ही तर ते मांसासाठी विकता ना?"

"विकलेलं बघवतं," मालकीणबाई म्हणाल्या. "साडेआठला बाहेर आले तर तिन्ही बाटल्या रिकाम्या. आता त्या पक्ष्यांत रिकाम्या केल्या की गटारात, हे मी कसं सांगू? चहाला थांबा म्हटलं, थांबले नाहीत. पिशवी तेवढी ठेवून गेले. जड वाटते म्हणाले, पुढच्या खेपेला नेतो."

लेकीने खुंटीवरची पिशवी काढून हातात घेतली. आत एक रबरी एप्रन, हातमोजे, घडी घातलेला कागद आणि लहान डबीत दोन टोकांची सुई. सगळं मिळून एका शब्दकोशापेक्षाही हलकं. चौतीस वर्षांत बाबांनी ही पिशवी कुणाकडे ठेवलेली तिला आठवत नव्हती. तशी तिला बाबांच्या कामातली कुठलीच गोष्ट धड आठवत नव्हती. बाबा जेवताना पक्ष्यांबद्दल बोलत आणि ती ताटाशेजारी पुस्तक उघडून 'हं' म्हणे.

"त्या दिवशी पक्षी कोण धरत होतं?"

"आमचा पैलवान. तो खोटं बोलायचा नाही. तेवढी अक्कल नाही त्याला."

पैलवान सहा फुटांचा गडी होता. खाद्याची दोन पोती दोन खांद्यांवर घेऊन आला आणि प्रश्न ऐकेपर्यंत ती खाली ठेवायचं विसरला.

"या डोळ्यांनी पाहिलं, ताई. एकूण एक पक्ष्याला टोचलं लसवाल्यांनी. पंखात. हे असं!"

"कसा धरत होतास ते दाखव बरं."

पैलवानाने पोती टाकली आणि जवळचा एक धिप्पाड नर असा उचलला की पक्ष्याला ओरडायचीही आठवण राहिली नाही. दोन्ही पंख काखेत घट्ट दाबले. डोकं पाठीमागे. पाय पुढे, सरळ, लेकीच्या दिशेने.

"अस्सा. तीनशे वेळा. मग लसवाले टोचायचे आणि म्हणायचे, पुढची."

"पंखात टोचायचे?"

"पंखात."

"कुठल्या पंखात?"

पैलवानाने आपल्या काखेकडे पाहिलं. डावा पंख काखेत होता. उजवाही काखेतच होता. बाहेर होते ते फक्त दोन पाय आणि एक अपमानित शेपूट.

पैलवानाच्या तोंडावरचा रंग उडाला.

३

"तू पाहिलंच नाहीस," लेक म्हणाली.

"पाहिलं, ताई."

लेकीने डबी उघडून दोन टोकांची सुई वर धरली. पैलवान एकदाच 'आई' म्हणाला आणि पोत्यांवर आडवा झाला. टर्की त्याच्या छातीवरून उतरून चालती झाली.

पाणी मारल्यावर तो भानावर आला. त्याने आधी मालकीणबाई कुठे आहेत ते पाहिलं, मग तो हळू आवाजात बोलू लागला.

"सुई बघितली की असं होतं. लहानपणापासून. गावात कुणाला ठाऊक नाही. लोक मला पैलवान म्हणतात, ताई!"

"म्हणजे तीनशे वेळा डोळे मिटलेस?"

"एकदाच मिटले. मध्ये उघडलेच नाहीत."

"आणि बाबांच्या लक्षात आलं नाही?"

"पहिल्याच पक्ष्याला आलं. म्हणाले, पैलवान, डोळे मिटलेस तर मिटू दे, काख मिटलेली ठेव. बोलले नाहीत कुणाजवळ. आता सगळे म्हणतात लस पंखात टोचतात, म्हणून मीपण पंखात म्हणालो. काय चुकलं?"

"तुझ्यापुरतं काही नाही. पहिल्या पक्ष्यापासून तू होतास?"

पैलवान डोकं खाजवू लागला. "तसं नाही. मी आलो तेव्हा सुरुवात झाली होती. थोड्या माद्या टोचून बाजूला काढलेल्या होत्या. लसवाले म्हणाले, या झाल्या, त्यांना जाळीत वेगळं ठेव. मग मी डोळे मिटले."

मग सुरुवातीला कोण धरत होतं? शेडात तिसरा माणूस राहिला होता, मालकीणबाईंचे दीर. सगळे त्यांना भाऊजीच म्हणत, दुधवाल्यासकट. ते गोदामाच्या ओट्यावर आरामखुर्चीत बसलेले होते. जगात ज्या विषयावर भाऊजींना मत नाही असा विषय अजून निघायचा होता. लेक समोर बसते न बसते तोच त्यांनी तिच्या चपलांचा तळ कशाने झिजतो ते सांगितलं. तिथून ग्रंथालयातल्या पुस्तकांना वाळवी का लागते, बांधणीची खळ कशी चुकीची वापरतात आणि चंद्रावरची धूळ बुटाला का चिकटते, इथवर ते सात मिनिटांत पोहोचले.

"भाऊजी, लशीबद्दल विचारायचं होतं."

भाऊजी थांबले. एखाद्या पंख्याची वीज जावी तसे.

"त्यातलं मला काही कळत नाही," ते म्हणाले.

४

लेक ओट्यावरून उतरली आणि थेट जाळीकडे गेली. आत अकरा टर्की गुमान बसल्या होत्या. डोळ्यांच्या कडेला, चोचीच्या मुळाशी काळपट फोड. अकराही माद्या.

"हात लावू नका!" तपासनीस खुर्चीवरून ओरडले. ('गुडुगुडुगुडु,' शेड म्हणालं.) "संसर्ग पसरेल!"

"तुम्ही यांचे पंख पाहिलेत?"

"आजाऱ्याचा पंख कशाला पाहायचा? देवी झाली म्हणजे लस नव्हती. म्हणून मी दहाही निरोगी पक्षी घेतले. पद्धत असते, ताई."

लेकीने बाबांचे हातमोजे चढवले. ते तिला मोठे होत होते. आत बसून तिने पहिली मादी मांडीत घेतली, साहेबांनी मघाशी केलं तसा तिचा पंख उघडला आणि तो पडदा उजेडाकडे धरला.

मग तिने दुसरी घेतली. तिसरी. अकरावी खाली ठेवून ती म्हणाली, "साहेब, जरा येता का?"

साहेब आले, वाकले, त्यांनी चष्मा पुसला. पंखाखाली वाटाण्याएवढी गाठ होती आणि तिच्यावर तपकिरी खपली. पुस्तकात चित्र असतं तशी. अकराही माद्यांना.

"हे उलटं आहे," तपासनीस म्हणाले आणि मागे न बघता बादलीवर बसले. "ज्यांना लस आहे त्यांना देवी, आणि ज्यांना लस नाही त्या ठणठणीत. असं होत नाही. असं व्हायला परवानगी नाही!"

"म्हणजे लसच खराब होती?" मालकीणबाईंनी छातीवर हात मारला. "अगं, म्हणजे लसवाल्यांनी अकरा पक्ष्यांना आजार टोचला आणि घाबरून बाकीच्या बाटल्या ओतून टाकल्या! आणि वर सही!"

साहेबांनी मान हलवली. ते पटण्यासारखं होतं, हेच वाईट होतं. सकाळी बाबा नुसते खोटे ठरत होते. आता ते खोटे, भित्रे आणि वर पक्ष्यांना आजारी पाडणारे ठरत होते. आणि हा पुरावा त्यांच्या लेकीनेच, त्यांचेच हातमोजे घालून बाहेर काढला होता.

"एक वाजलाय," तपासनीस म्हणाले. "मी जेवून लिहायला बसतो."

५

सगळे जेवायला गेले. लेक जाळीतच बसून राहिली. भूक नव्हती, आणि परतीच्या बसला वेळ होता.

चौदा दिवसांपूर्वी बाबा घरी आले तेव्हा ती काय करत होती ते आठवायचा तिने प्रयत्न केला. वाचत होती. कसं झालं काम, असं तिने विचारलं होतं की नाही? आईने विचारलं होतं. बाबा म्हणाले होते, छान झालं.

दुपारची वेळ. शेडातला गलका हळूहळू निवला. समोरच्या मादीने दोनदा पाय बदलले, अंग फुगवलं, मान वळवली आणि डोकं डाव्या पंखाखाली खुपसून ती झोपी गेली.

लेक तिच्याकडे बघत होती. मग ती गुडघ्यांवर पुढे सरकली. आणखी पुढे. नाक पिसांना लागेपर्यंत. मग ती उठली आणि बाहेर येऊन, आयुष्यात पहिल्यांदाच, मोठ्याने ओरडली, "साहेब!"

शेडाने एका सुरात ओ दिली.

सगळे हात धुवून आले तोवर मादी दचकून जागी झाली होती. पण शेजारचीने मान वळवायला घेतलीच होती. "बघा," लेक हळू म्हणाली. "ती झोपली की तोंड कुठे जातं? पंखाखाली. आणि पंखाखाली काय आहे? खपली. लशीत देवीचाच विषाणू असतो ना, साहेब? जिवंत, पण नरमलेला?"

"अर्थात. त्याशिवाय खपली कशी येणार?"

"मग ती रात्रभर त्या खपलीवर तोंड घासते. डोळे, चोच, सगळं. तिथेही फोड उठणारच. हा बाहेरून आलेला आजार नाही. ही लसच आहे, चुकीच्या जागी पोहोचलेली. कोंबडीला पंखात टोचलं तर चालत असेल. पण टर्कीला पंखात टोचायचं म्हणजे तिच्या उशीत टोचण्यासारखं आहे."

साहेबांचं तोंड उघडं राहिलं. त्यांची सगळी नोकरी कोंबड्यांत गेली होती.

"आता चौतीस वर्षं हेच काम करणारा माणूस टर्कीला पंखात टोचेल का? नाही टोचणार. मग कुठे टोचेल? पैलवान, पक्षी धर. सकाळी धरलास तसा."

पैलवानाने नर उचलला. पंख काखेत. पाय पुढे.

"बाबांच्या पुढ्यात काय येत होतं?" लेक म्हणाली. "डोकं नाही. पंख नाही. फक्त पाय."

तिने नराच्या मांडीवरची पिसं बोटांनी बाजूला केली. मांडीच्या मधोमध, उघड्या कातडीवर, वाटाण्याएवढी गाठ होती आणि तिच्यावर तपकिरी खपली.

पैलवानाने, जखम बघावी लागेल या भीतीने, डोळे मिटून घेतले होते.

"योगायोग असू शकतो," साहेब क्षीणपणे म्हणाले.

"दहा पाहा."

साहेबांनी दहा पाहिले. मग आणखी दहा. विसाव्या पक्ष्यानंतर ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "ताई, मला पटतंय. पण अहवालात 'पटलं' असं लिहिता येत नाही. मांडीत टोचतात, हे लेखी आहे का कुठे?"

लेकीने पिशवीतला घडीचा कागद काढला. लशीच्या बाटलीबरोबर येणारं पत्रक. पुढच्या बाजूला कोंबडीचं चित्र, पंखाकडे बाण. तो कागद इथे सगळ्यांनी आयुष्यात कधी ना कधी पाहिलेला होता. तिने तो उलटा केला. मागे बारीक अक्षरांत, साठवणुकीच्या सूचनांच्याही खाली, दोन ओळी होत्या: टर्कीस लस मांडीच्या मध्यभागी टोचावी. पंखात टोचू नये.

"मागची बाजू कोण वाचतं?" तपासनीस पुटपुटले.

"आमच्या घरात दोघं," लेक म्हणाली. आणि दुसरा कोण ते तिला आजच कळलं होतं.

६

"थांबा," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांचं डोकं आवाजापेक्षा सावकाश, पण पक्कं चालत असे. "लसवाल्यांना एवढं ठाऊक होतं, तर या अकरांना पंखात कुणी टोचलं?"

"ज्याला कोंबड्यांबद्दल ठाऊक आहे, टर्कींबद्दल नाही," लेक म्हणाली. "तो एकटा होता. पैलवान अजून आला नव्हता. एकट्याला पक्षी गुडघ्यांत धरून टोचायचं असेल तर तो दांडगे नर सोडून हलक्या माद्या पकडेल. अकराही माद्या का, ते मला मघापासून कळत नव्हतं."

"पण कोण?"

"मी आज ज्यांच्याशी बोलले, त्या सगळ्यांना लशीबद्दल काहीतरी म्हणायचं होतं. साहेबांना, तुम्हाला. पैलवानाने तर न बघताही सांगितलं. काही कळत नाही असं एकच जण म्हणाला." ती वळली. "भाऊजी, तुम्हाला चंद्रावरच्या धुळीबद्दल मत आहे, आणि स्वतःच्या घरच्या लशीबद्दल नाही?"

सगळ्यांनी भाऊजींकडे पाहिलं. मालकीणबाईंनी तर असं पाहिलं की दोन नर आपणहून बाजूला झाले.

"अकरांनाच टोचलं," भाऊजी म्हणाले. "बारावी पकडत होतो तेवढ्यात लसवाल्यांनी थांबवलं."

"भाऊजी!" ('गुडुगुडुगुडु!') "मागच्या वर्षी पाण्याची टाकी, त्याच्या आधी कुंपणाची वीज, आणि आता हे! आणि सकाळपासून त्या मेलेल्या माणसाला खोटं ठरवत होते हे लोक, आणि तुम्ही खुर्चीत बसून चपलांवर भाषण देत होतात?"

भाऊजींनी मान खाली घातली. उत्तर दिलं नाही. हा प्रकार या घरात इतका नवीन होता की मालकीणबाईसुद्धा गप्प झाल्या.

"बाबा त्यांची सुई कुणाच्या हाती देत नसत," लेक म्हणाली. "तुमच्या हातात कशी आली?"

भाऊजींनी एकदा वहिनीकडे पाहिलं, एकदा लेकीकडे.

"घेतली," ते म्हणाले. पुढे काही बोलायला ते तयार नव्हते.

साहेबांनी बादलीवर बसूनच अहवाल लिहिला. 'लस योग्य जागी टोचलेली असून सर्व पक्ष्यांत लागू झाल्याची खूण आढळली. अकरा माद्यांवरील फोड लशीचेच आहेत. दोन-तीन आठवड्यांत बरे होतील.' मग त्यांनी जरा थांबून आणखी एक ओळ घातली: 'तपासणी मांडीवर करावी.' कुणी, ते त्यांनी लिहिलं नाही. त्यांनी एक प्रत लेकीला दिली आणि हात जोडले. "पंधरा वर्षं पंख बघतोय," ते म्हणाले. "आता मागची बाजू वाचून निघत जाईन."

पिशवी घेऊन लेक फाटकाशी पोहोचली तेव्हा मागून भाऊजी येत होते. धापा टाकत.

"ताई, वहिनीसमोर बोलता आलं नाही. वचन दिलं होतं."

"कुणाला?"

"लसवाल्यांना." ते फाटकाच्या गजाला धरून उभे राहिले. "पहिली बाटली मिसळून झाली, आणि त्यांना एकदम दम लागला. घाम. छातीवर हात. मी म्हटलं, बसा. तर म्हणतात, बाटली उघडली आहे, दोन तासांत संपवायची आहे, बसायला वेळ नाही. मी दरडावलं हो. दंडाला धरून पोत्यावर बसवलं. सुई त्यांच्या हातातून काढून घेतली आणि म्हटलं, तुम्ही बसा, लस वाया जाणार नाही, मला येतं."

"येत होतं का?"

"कोंबड्यांचं येत होतं. दहा मिनिटांनी ते उठून आले, बघतात तर मी पंखात! कपाळाला हात लावला त्यांनी. पण ओरडले नाहीत. म्हणाले, भाऊजी, तुम्ही माझं कुणाला सांगू नका, मी तुमचं सांगत नाही. पंधरा दिवसांनी येऊन मीच या अकरांना मलम लावून जाईन." भाऊजींनी तोंड फिरवलं. "आता माझं सांगायचं तर त्यांचंही सांगावं लागणार. सकाळपासून हेच चाललं होतं डोक्यात. तुम्ही विचारलं नसतं तर पाचच्या आत बोललो असतो. बहुतेक."

लेकीने पिशवी खांद्याला अडकवली. "मला सांगू नका असंच म्हणाले ना?"

"तुमचंच नाव घेऊन. म्हणाले, लेकीला कळलं तर ती सगळी पुस्तकं उघडून बसेल आणि मला कामाला जाऊ देणार नाही."

"खरं आहे," लेक म्हणाली. "नसतं जाऊ दिलं."

बस यायला वीस मिनिटं होती. थांब्यावरच्या बाकावर बसून तिने घरी फोन लावला. आईने पहिल्याच घंटेला उचलला. दुपारी लेकीने तिला थोडंबहुत सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ती फोन मांडीवर घेऊन बसली असणार.

"काय निघालं गं?"

"सगळ्यांना लस टोचलेली निघाली. बरोबर जागी. लिहून दिलंय साहेबांनी."

"ते मला माहीतच होतं," आई म्हणाली आणि तिने सोडलेला श्वास इकडे ऐकू आला. मग तिने विचारलं, "त्या दिवशी तिथे बरे होते ना गं ते?"

हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर गुपित राखणारी या घरातली ती दुसरी झाली असती.

"नाही आई. एकदम दम लागला होता. छातीवर हात धरला होता. तिथल्या भाऊजींनी त्यांना दहा मिनिटं पोत्यावर बसवलं. आपल्याला सांगू नका म्हणाले."



"बसले?" आईने विचारलं. "खरंच बसले?"

"हो. दहा मिनिटं."

"काम अर्धं टाकून?"

"सुरूही झालं नव्हतं."

"बत्तीस वर्षं मी ओरडतेय, अहो, घटकाभर बसा," आई म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता आणि त्यात थोडा रागही होता. "शेवटी कुणाचं तरी ऐकलं म्हणायचं."